आधी बोट, मग राग

सरकारला राग आला की घर रिकामं व्हायचं. ही त्या घराची जुनी रीत होती आणि ती कुणी कुणाला शिकवलेली नव्हती. खाली सोफे-खुर्च्या दुरुस्त करायचा कारखाना, वर राहायच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मधे लाकडी जिना. कारखान्यात तिचा आवाज चढला की नवरा हातातला हातोडा हळूच खाली ठेवायचा, चपला पायात सरकवायचा आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे चालू लागायचा. मुलगा बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोत जाऊन बसायचा. सूनबाई नवीन असताना एकदाच "आई, काय झालं?" असं विचारायला गेली होती. त्यानंतर तीही वर जाऊन स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायला शिकली. तासाभराने तोफा थंडावल्या की एकेक जण, जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने परत यायचा आणि आपापल्या कामाला लागायचा.

सरकार हे नाव अर्थातच नवऱ्याने ठेवलेलं. त्याला सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. "जगात सगळीकडे सरकारं बदलतात, आमच्याकडे एकदा आलं ते आलं," असं मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगायचे. गिऱ्हाइकं हसायची. सरकारही हसायची, कारण विनोद खरा होता. नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन जन्माला आलेली बाई ती. पण मनात काही ठेवणारी नव्हे. तोंडाने जे काय व्हायचं ते होऊन जायचं आणि संध्याकाळी तीच सगळ्यांना वाढायची.

आणि एक सांगायला हवं. रागात तिची जीभ कितीही सुटली तरी कात्री कधी सुटली नाही. मिस्त्रींनी जुनी खुर्ची उसवायची, स्प्रिंगा बसवायच्या, फोम चिकटवायचा. पण वरचं कापड बेतायचं आणि कापायचं ते सरकारने. कारखान्याच्या मधोमध तिचं लांबलचक टेबल होतं. त्यावर कापड पसरून, खडूने खुणा करून ती एकदा कात्री चालवू लागली की बघत राहावं. मखमल असली तर आणखीच. मखमलीला लव असते. हात एका दिशेने फिरवला की गुळगुळीत लागते, उलटा फिरवला की रंगच बदलतो. सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर एकाच सोफ्याची एक गादी उजळ आणि दुसरी काळवंडलेली दिसते. शिकाऊ लोक इथे हमखास फसतात. सरकार आयुष्यात एकदाही फसली नव्हती.

तर अशा बाईला चौसष्टाव्या वर्षी साखरेने गाठलं.

आधी नुसती तहान लागायची. मग ती वाळायला लागली. स्वतःचे कपडे तिने स्वतःच आत घेतले, पुन्हा आत घेतले, तरी ते अंगावर लोंबायचेच. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि "साखर आहे, या वयात असायचीच" म्हणून गोळ्या दिल्या. गोड बंद, भात अर्धा, रोज चाला. सरकारने सगळं केलं. चालून चालून पाय दुखले, भूक मारून मारून डोळे खोल गेले, आणि साखर काही हटेना. डॉक्टर म्हणाले, "पथ्य नीट पाळत नसाल." या वाक्यावर तिथे काय झालं असेल ते सांगायला नको. मिस्त्री दवाखान्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

शेवटी एका सकाळी उलट्या सुरू झाल्या, श्वास धापा टाकल्यासारखा चालायला लागला आणि मुलाने तिला टेम्पोत घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे साखरेच्या डॉक्टरीणबाई होत्या. वयाने सुनेएवढ्या, बोलायला शांत. त्यांनी वेगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि दोन दिवसांनी पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या.

"आजी, तुम्हाला दिलेल्या गोळ्यांचा काही उपयोग नव्हता. तुमचं पथ्यही चुकलेलं नाही. ही साखर वेगळी आहे. टाइप वन म्हणतात हिला. तुमच्या शरीराने इन्सुलिन बनवणंच जवळजवळ बंद केलंय. आता ते बाहेरून घ्यावं लागेल, रोज, प्रत्येक जेवणाआधी."

"ती तर लहान पोरांची असते ना?" सूनबाईने विचारलं.

"बऱ्याचदा लहानपणी येते. पण कुठल्याही वयात येऊ शकते."

सरकारने कोपर टेकून अंग वर उचललं. मग म्हणाली, "मला सांधेदुखी द्या, मोतीबिंदू द्या, माझ्या वयाला शोभेल असं काहीतरी द्या की! या वयात पोरासोरांचा आजार घेऊन मी काय करू? खेळू?"

डॉक्टरीणबाई हसल्या. पण मग त्यांनी जे सांगितलं ते हसत नाही सांगितलं. साखर वाढलेली वाईटच, पण इन्सुलिन घेणाऱ्याला खरी भीती ती एकदम उतरण्याची. इंजेक्शन घेतलं आणि जेवण लांबलं, किंवा जास्त काम झालं, की साखर धाडकन खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं चालत नाही, माणूस उगाच चिडचिड करतो. तेव्हा लगेच साखरपाणी द्यायचं. नाही दिलं तर माणूस बेशुद्ध पडतो.

"डॉक्टरीणबाई," मिस्त्री म्हणाले, "चिडचिड सोडून दुसरं एखादं लक्षण सांगा. त्यावरून ओळखायचं म्हटलं तर हिला जन्मापासून साखरपाणी पाजायला लागलं असतं."

सगळे हसले. मुलगा हसला, सून तोंडाला पदर लावून हसली, डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरेना, आणि पलंगावर सरकारसुद्धा खुदकन हसली. इतक्या दिवसांनी सगळे एकत्र हसत होते, त्यामुळे बाकीच्या लक्षणांकडे कुणाचं फारसं लक्ष राहिलं नाही.

घरी आल्यावर सुरू झाला तो रगाडा. लोकांना वाटतं, सुई टोचायची म्हणजे दुखतं. दुखण्याचं काय एवढं, बोटात सुया घुसण्यातच तिचं आयुष्य गेलेलं. कंटाळा होता तो वेगळाच. सकाळी उठलं की बोट टोचा, थेंब काढा, पट्टीवर लावा, आकडा बघा. मग ताटात काय आहे ते बघा आणि मनात मांडा, भात किती, पाव किती, बटाटा किती. त्यावरून इन्सुलिनच्या पेनाची चकती फिरवा, पोटाला टोचा. मग जेवा. आणि एवढं मांडून घास उचलला की भूकच मेलेली. पण औषध टोचून घेतलंय म्हटल्यावर खायलाच हवं. दुपारी पुन्हा तेच, रात्री पुन्हा तेच. एखाद्या दिवशी सगळं जसंच्या तसं करूनही आकडा भलताच यायचा. का, तर कुणास ठाऊक. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणायच्या, "होतं असं कधीकधी. तुमची चूक नाही." चूक नसेल तर मग दुरुस्त काय करायचं, हे तिला कळत नसे. तिच्या धंद्यात कापड कमी पडलं तर कुठेतरी माप चुकलेलं असायचंच.

"सुट्टी नाही का हो याला?" तिने एकदा मिस्त्रींना विचारलं. "आठवड्यातून एक दिवस? कारखान्यालाही असते."

मिस्त्री म्हणाले, "होईल सवय."

सवय होईल हे तिला माहीत होतंच, आणि त्याचाच तिला जास्त थकवा आला होता.

एवढ्यातही एक जागा होती जिथे ती साखर विसरायची. टेबलाशी उभी राहिली, खडू हातात घेतला, की पुढचा तास तिचा. तिथे ती आजारी नव्हती. त्यामुळे अशक्तपणा असला तरी रोज सकाळी ती जिना उतरून खाली यायचीच, आणि घरात कुणाची बिशाद नव्हती तिला अडवायची.

मग तो दिवस आला. दुपारच्या जेवणाची वेळ झालेली. सूनबाईने ताट वाढलं, सरकारने वर स्वयंपाकघरात बसून पोटाला पेन टोचलं आणि घास घेणार एवढ्यात खालून हाक आली. एक वकीलबाई आल्या होत्या. त्यांच्या मखमली सोफ्याचं काम चालू होतं आणि त्यांना कडेला पायपिंग, म्हणजे दोरीवर शिवलेली कापडाची गोट, लावून हवी होती. "आलेच पाच मिनिटांत," असं म्हणून सरकार खाली उतरली. सूनबाईने ताटावर झाकण ठेवलं.

वकीलबाईंची पाच मिनिटं कशी असतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी पायपिंग जाड हवी की बारीक यावर विचार केला, मग बारीकच हवी म्हणाल्या, मग नवऱ्याला फोन लावला. त्या गेल्यावर सरकार वर जाणार, तर टेबलावर मखमल पसरलेलीच होती. म्हटलं, एवढे दोन तुकडे कापून जाऊ. कात्री हातात घेतली.

थोड्या वेळाने मिस्त्रींनी सहज विचारलं, "पायपिंग याच कापडाची काढायची का गं?"

आणि स्फोट झाला. "चाळीस वर्षं मीच सांगायचं का सगळं? तुमच्या डोक्यात काय फोम भरून ठेवलाय?" इथपर्यंत नेहमीचंच होतं. पण मग तिचं बोलणं मुलाच्या शाळेतल्या कुठल्याशा खुर्चीवर घसरलं, मग कधीच मेलेल्या एका गिऱ्हाइकावर, मग तिने खडू भिरकावला. चेहरा घामाने थबथबला होता. मिस्त्रींना वाटलं, आज जुन्या फायली निघाल्या, म्हणजे लांबणार. त्यांनी हातोडा ठेवला, चपला सरकवल्या आणि पाय काढता घेतला. मुलगा टेम्पोत जाऊन बसला. वर सूनबाईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आतमधे झाकलेलं ताट तसंच होतं.

एरवी तासभर चालणारा आवाज त्या दिवशी लवकर थांबला. सूनबाईच्या मनात आलं, बरं झालं बाई, आज लवकर आटोपलं. आणि खाली जाऊन उगाच पुन्हा ठिणगी नको म्हणून ती भांडी घासायला लागली. कोपऱ्यावर मिस्त्रींनाही आवाज थांबल्याचं जाणवलं. त्यांनी खुशीने आणखी एक चहा सांगितला.

मुलाला खुर्च्या पोचवायला जायचं होतं म्हणून तो आधी आत आला. टेबलाखाली आई कुशीवर पडली होती. डोळे अर्धे उघडे, तोंडातून फेस, हाताला झटके. त्याची किंकाळी ऐकून मिस्त्री धावत आले तेव्हा त्यांच्या हातात अजून चहाचा ग्लास होता. सूनबाईने साखरेचा डबा आणला, पण दातखीळ बसलेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, हॉस्पिटलची गाडी बोलवा. गाडी येईपर्यंत मिस्त्री जमिनीवर तिचं डोकं मांडीत घेऊन बसले आणि एकच वाक्य बोलत राहिले, "रागावलीये गं ती, नुसती रागावलीये."

गाडीबरोबर आलेल्या माणसांनी शिरेतून साखर चढवली. थोड्या वेळाने सरकारने डोळे उघडले. आधी तिला दिसले दोन अनोळखी पुरुष, मग त्यांचे बूट, आणि मग बुटांखाली टेबलावरून घसरलेली वकीलबाईंची मखमल.

"बूट!" ती म्हणाली. "बूट काढा आधी!"

मुलगा ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी मखमल उलगडून पाहिली तर दोन तुकडे एकमेकांच्या उलटे कापलेले होते. एक वर लव, एक खाली लव. सरकारने ते हातात घेतले, तळवा फिरवून पाहिला आणि ठेवून दिले. पडल्याचं तिला आठवत नव्हतं, त्यामुळे त्याचं तेवढं वाटलं नाही. पण हे तिच्या हातून झालं होतं, तिच्या कात्रीने, आणि तिला त्याचाही पत्ता नव्हता. त्या दिवशी ती खरी घाबरली.

आता घरातल्यांनी काय करावं? जे कुणीही केलं असतं तेच केलं. सूनबाईने नियम काढला, आईंचा आवाज चढला की पळायचं नाही, आधी साखर तपासायची. नियम चांगला होता. डॉक्टरीणबाईंनी सुनेचं कौतुकही केलं. साखर मोजायचं एक मशीन वर, एक मिस्त्रींच्या खिशात.

सरकार म्हणाली, "दूध उतू गेलंय, गॅस कुणी मोठा ठेवला?" सूनबाई मशीन घेऊन हजर. "आई, बोट."

"अगं, दूध गेलंय ते दिसतंय ना तुला?"

"हो, पण आधी बोट."

बोट दिलं, आकडा आला, ठीक होता. सूनबाईने सुटकेचा श्वास टाकला, "चला, नेहमीचंच आहे," म्हणाली आणि निघून गेली. दुधाचं राहिलंच.

एकदा खरोखरच आकडा कमी निघाला. लगेच साखरपाणी, पाठीवर हात, "काही नाही आई, साखरेमुळे झालं ते." तेव्हा ती मुलाने वकीलबाईंना काय सांगितलं यावरून चिडली होती. त्याने सांगितलं होतं, "आईकडून आता काम होत नाही." पण ते साखरेमुळे झालं असं ठरलं, आणि साखर वर आल्यावर तिलाही पुन्हा बोलायचा उत्साह उरला नाही.

असे दिवस जात राहिले. तिच्या लक्षात यायला लागलं होतं की साखर कमी असली तर आपलं बोलणं खरं नसतं, आणि साखर बरोबर असली तर ते नेहमीचं असतं. दोन्हीकडून कुणी ऐकत नव्हतं. पूर्वी निदान ओरडून मोकळं तरी होता यायचं. आता ओरडायला तोंड उघडलं की बोट पुढे करावं लागे, आणि बोटाला थेंब येईपर्यंत राग विझून जाई. हळूहळू तिने आवाज चढवणंच सोडलं. सूनबाई शेजारणीला म्हणाली, "आई आता अगदी शांत झाल्या हो. त्या दुखण्याने स्वभावच पालटला." शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंस."

खाली मुलाने पलीकडच्या गल्लीतला एक कटिंगवाला ठरवला. त्याच्याकडे विजेचं मशीन होतं, कापड न्यायचं, कापून आणायचं. सरकारला कुणी विचारलं नाही. "तू आराम कर," एवढंच सांगितलं. काही दिवस तिने केला. खिडकीशी बसून रस्ता बघितला, पट्ट्यांचे रिकामे डबे लावून ठेवले, डुलक्या काढल्या. दमलेल्या माणसाला आराम कर म्हटलं की तो करतोही. पण आराम करून तिचा थकवा उतरेना, उलट साचायला लागला.

एका सकाळी सूनबाई बाजारात गेलेली, मुलगा टेम्पो घेऊन बाहेर. सरकार कठडा धरून जिना उतरली. मिस्त्री एका आरामखुर्चीला टाचण्या मारत होते. तिने तिच्या टेबलाकडे पाहिलं. टेबल दिसलंच नाही. त्याच्यावर फोमच्या लाद्या रचल्या होत्या, पार डोक्याच्या उंचीपर्यंत. कडेला तिच्या कात्रीच्या खिळ्यावर कुणीतरी दोरीची गुंडाळी अडकवली होती.

"हे काय?" ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान वर केली. "अगं, तू कशाला उतरलीस? फोमचा माल आला, ठेवायला जागा नव्हती. टेबल रिकामंच होतं म्हणून..."

"रिकामं होतं?"

"म्हणजे तसं नव्हे..."

"रिकामं होतं?" तिचा आवाज चढला. किती दिवसांनी चढला होता! "मी वर बसलेय ती काय मेलेय म्हणून?"

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. हातोडा खाली पडला. पण ते पळाले नाहीत, नियम पाठ होता. घाईघाईने खिशातून मशीन काढलं, पट्टी घातली. "आधी बोट दे. सरकार, ऐक, बोट दे."

तिने बोट दिलं. त्यांनी टोचलं, थेंब पट्टीला लावला, दोघंही त्या छोट्या काचेकडे बघत राहिले. एकशे अठरा. त्याहून चांगला आकडा कित्येक दिवसांत आला नव्हता.

मिस्त्रींचे खांदे सैल झाले. "हुश्श! काही नाही, साखर उत्तम आहे," ते म्हणाले. मशीन खिशात टाकलं आणि पायाने चपला चाचपायला लागले. "तू शांत हो, मी एवढ्यात जाऊन येतो."

"बसा," सरकार म्हणाली.

ती ओरडली नव्हती. म्हणून मिस्त्री थांबले.

"साखर कमी असली की तुम्ही सगळे धावत येता. बरोबर असली की निघून जाता. मग मी बोलायचं कधी? पडल्यावर?"

एक चप्पल पायात, एक बाहेर, मिस्त्री तसेच उभे राहिले. मग खाली बघत म्हणाले, "तुझ्या काळजीनेच केलं गं सगळं."

"माहीत आहे मला. काळजीच करताय. रोज बोटाला भोकं पाडून काळजी करताय. पण आयुष्यात एकदा तरी कुणी थांबून विचारलंत, बाई गं, कशाचा राग आलाय तुला? तुम्ही चहाला जायचात. मी या भिंतींशी बोलायची आणि दमून गप्प बसायची. तुम्हाला वाटायचं, राग गेला. तो कुठे जायचा? मी दमायची, एवढंच." ती आरामखुर्चीच्या हातावर टेकली. "आता तर मी आधीच दमलेली आहे हो. सकाळी उठते तीच दमलेली. टोचून, मांडून, आकडे बघून वीट आलाय मला. मरेपर्यंत हेच आहे, मला कळतंय ते. पण मग माझं टेबल तरी मला ठेवा."

"आणि परत पडलीस म्हणजे?" मिस्त्री म्हणाले. "तुला नाही आठवत. मला आठवतं."

"पडेन कदाचित. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात ना, साखर कधी उतरेल सांगता येत नाही. म्हणून काय खिडकीशी बसून वाट बघू? आधी तपासून उभी राहीन. जेवल्याशिवाय कात्रीला हात लावणार नाही, कितीही वकीलबाया येवोत. मी ओरडले तर बोट टोचा, मी देईन. पण टोचून झालं की तुम्ही इथून हलायचं नाही."

"आणि साखर बरोबर निघाली तर? खरंच रागावलेली असलीस तर?"

"तरी बसायचं."

मिस्त्रींनी बराच वेळ विचार केला. माणूस भला, पण एवढं अवघड काम त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "तासभर?" त्यांनी विचारलं.

"संपेपर्यंत."

मिस्त्रींनी पायातली चप्पल काढली. मग टेबलापाशी जाऊन फोमची वरची लादी दोन्ही हातांनी ओढली आणि भिंतीशी टेकवली. मग दुसरी. सरकारला उठून मदत करवली नाही, ती बसून बघत राहिली. टेबलाचा कोपरा दिसायला लागला, मग कड, मग खडूचे जुने डाग. शेवटची लादी उचलताना लादीच्या धक्क्याने टेबलाच्या काठावरचा टाचण्यांचा डबा कलंडला आणि सगळ्या टाचण्या खळखळत जमिनीवर पसरल्या.

"डोळे आहेत की बटणं लावलीत?" सरकार कडाडली. "आता त्या कुणी वेचायच्या? अनवाणी फिरताय तुम्ही, पायात घुसली म्हणजे? मी सांगून सांगून थकले, डबा खाली ठेवा, डबा खाली ठेवा..."

मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. मग त्यांनी एक स्टूल ओढलं, पाय टाचण्यांपासून वर घेतले आणि तिच्यासमोर बसून राहिले.